नववे टर्मिनल का जोडले जात नाही?

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग हे गाव लागते. येथे शिकवणाऱ्या आम्हा काही शिक्षकांना एका रात्रीने हा लेख लिहायला लावला. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची ती शेवटची रात्र होती. शाळेत संगणक होते, वीज होती, मुलांची कागदपत्रे तयार होती. पण संकेतस्थळ काही केल्या आत घेईना. कधी पांढरा पडदा, कधी 'पुन्हा प्रयत्न करा', कधी 'आपले सत्र संपले आहे'. रात्री बारापर्यंत बहुतेक अर्ज गेले. एका मुलीचा राहिला.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "सर, मंग चूक कोनाची व्हती?" आम्ही म्हणालो, "सर्व्हर डाऊन होता." त्यांनी मान डोलावली आणि ते गेले. पण वर्गात दहावीच्या एका मुलाने तोच धागा धरला. "सर, सर्व्हर डाऊन होता तर बाकीच्यांचे अर्ज कसे गेले?"

प्रश्न बिनतोड होता. यंत्र बंद असते तर कोणाचाच अर्ज गेला नसता. म्हणजे यंत्र चालू होते. ते काहींना आत घेत होते आणि काहींना नाही. मग कोणाला घ्यायचे हे कोण ठरवत होते? कोठे ठरत होते? आम्हाला सांगता येईना. 'सर्व्हर डाऊन' हे उत्तर नव्हते. 'ताप आहे' असे म्हटल्याने रोग कळत नाही, तसेच ते होते.

हा प्रश्न नवा नाही. एका मोठ्या संगणकाला अनेकांनी एकाच वेळी जोडून घेण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हापासून तो आहे. म्हणून आम्ही थोडे मागे जायचे ठरवले आणि मेनफ्रेम संगणकापासून सुरुवात केली.

एक यंत्र, अनेक खिडक्या

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या काळी असा संगणक वापरणारा माणूस सहसा त्याच्यासमोर बसत नसे. तो आपला प्रोग्रॅम छिद्रे पाडलेल्या कार्डांवर लिहून गठ्ठा खिडकीत देई आणि उत्तर छापून आले की घेऊन जाई. रांग कार्डांच्या गठ्ठ्यांची असे, माणसांची नव्हे. गिरणीवर दळणाचे डबे ठेवून घरी जावे, तसे.

पुढे पडदा आणि कळफलक असलेली टर्मिनले आली. टर्मिनल म्हणजे संगणक नव्हे. ती संगणकाची खिडकी आहे. आपण टाइप करतो ते ती तारेवरून आत पोचवते आणि आतून आलेले पडद्यावर दाखवते. आकडेमोड सगळी मेनफ्रेममध्ये होते. आयबीएमने १९७१ मध्ये आणलेली ३२७० ही टर्मिनलांची मालिका इतकी रुजली की तिची संभाषणाची पद्धत आजही बँका आणि विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवर वापरात आहे.

अनेक टर्मिनले एका नियंत्रक पेटीला जोडलेली असत आणि अशा पेट्या मेनफ्रेमला. एका पेटीला फार तर ३२ टर्मिनले. तेहेतिसावे जोडायला जागाच नसे. ही मर्यादा डोळ्यांना दिसणारी होती. भिंतीवरच्या फळीत चार सॉकेट असतील तर पाचवा प्लग कोठे लावणार?

पण सगळ्या मर्यादा अशा दिसत नाहीत. न दिसणाऱ्या मर्यादाच माणसाला रात्रभर जागवतात.

शाळेतला मेनफ्रेम

मेनफ्रेम विकत घेणे शाळेला शक्य नाही. पण त्याची हुबेहूब नक्कल करणारा 'हर्क्युलिस' नावाचा प्रोग्रॅम १९९९ पासून मोफत मिळतो. तो साध्या संगणकावर चालतो आणि आयबीएमच्या सिस्टिम ३७० या मेनफ्रेमसारखा वागतो. त्यावर एमव्हीएस ३.८ ही १९७० च्या दशकातली कार्यप्रणालीही चालवता येते. शेजारच्या संगणकांवर ३२७० ची नक्कल करणारा छोटा प्रोग्रॅम टाकला की ती झाली टर्मिनले. नेहमीचीच नेटवर्कची तार पुरते. इंटरनेट लागत नाही, ही गावातल्या शाळेसाठी मोठी सोय.

आमच्याकडे अकरा जुने संगणक होते. एक मेनफ्रेम झाला, दहा टर्मिनले झाली. दहा मुले बसली. आठ जणांच्या पडद्यावर स्वागताचे चित्र आले. नवव्या मुलीच्या पडद्यावर एक ओळ आली आणि जोडणी तुटली. ओळीचा अर्थ होता: जोडणी नाकारली, ३२७० प्रकारचे उपकरण शिल्लक नाही. दहाव्याचेही तेच.

आम्ही आधी तार बदलली. मग संगणक बदलला. मग नववी मुलगी पहिल्याच्या जागी बसली आणि तिथून ती सहज आत गेली. पण आता पहिला मुलगा बाहेर राहिला. येथे एका विद्यार्थ्याने विचार करण्यासारखी गोष्ट सांगितली: "सर, कोणताही संगणक नववा आला की अडतो. म्हणजे खोट संगणकात नाही, नववा असण्यात आहे."

बिघाड शोधण्याचा पहिला धडा हाच. दोष वस्तूबरोबर फिरतो की क्रमांकाबरोबर, हे आधी पाहावे. वस्तूबरोबर फिरला तर वस्तू नादुरुस्त. क्रमांकाबरोबर राहिला तर कोठेतरी मर्यादा आहे.

नकाराचाही पत्ता असतो

टर्मिनलपासून प्रत्यक्ष कामापर्यंत एकामागे एक अनेक दारे असतात. प्रत्येक दारावर एक यादी आणि त्या यादीत ठरावीक जागा. कोणत्याही दारावर जागा संपली की माणूस बाहेर. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे नकार सारखेच वाटतात. पण नीट पाहिले तर प्रत्येक दाराचा नकार वेगळा दिसतो. आम्हाला ती दारे एकेक करून भेटली.

पहिले दार, तार. येथे अडले तर काहीच उत्तर येत नाही. नुसती वाट पाहावी लागते. आमच्या नवव्या मुलीला मात्र लगेच उत्तर आले होते, नकाराचे का होईना. मेनफ्रेमने तिचे बोलणे ऐकल्याशिवाय नकार दिला नसता. म्हणजे तार शाबूत होती. आम्ही ती उगाच बदलली. तत्काळ मिळालेला नकार आणि नुसती शांतता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरे दार, उपकरणांची यादी. हर्क्युलिस सुरू होताना एक फाईल वाचतो. मेनफ्रेमला कोणकोणती उपकरणे जोडली आहेत असे मानायचे, ते तीत लिहिलेले असते. आमच्या फाईलीत ३२७० साठी आठच पत्ते होते: ०सी० पासून ०सी७ पर्यंत.

हे पत्ते षोडशमान पद्धतीत आहेत. ०सी० म्हणजे १२ × १६ = १९२ आणि ०सी७ म्हणजे १९९. १९२ ते १९९ मोजले तर ८ भरतात. अशा तीन अंकांत १६ × १६ × १६ = ४,०९६ पत्ते बसतात. पहिला अंक कोणत्या वाहिनीवर ते सांगतो आणि उरलेले दोन त्या वाहिनीवरच्या २५६ पत्त्यांपैकी कोणता ते सांगतात. वर्गात येथे छान प्रश्न विचारता येतो: ०सी९ नंतरचा पत्ता कोणता? बहुतेक मुले ०सी१० म्हणतील. खरे उत्तर ०सीए.

आम्ही फाईलीत ०सी८ आणि ०सी९ अशा दोन ओळी वाढवल्या आणि यंत्र पुन्हा सुरू केले.

तिसरे दार, कार्यप्रणालीची यादी. आता नवव्या पडद्यावर हर्क्युलिसचे चित्र आले, पत्ताही दिसला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण चित्र तसेच राहिले. पुढे काही होईना. नकार नाही, प्रवेश नाही.

कारण असे की यंत्राला उपकरण जोडले म्हणून कार्यप्रणाली त्याला ओळखत नाही. एमव्हीएस तयार करतानाच तिच्यात कोणत्या पत्त्यावर काय असेल याचा तक्ता बसवलेला असतो. ऑपरेटरच्या पडद्यावरून आम्ही त्या पत्त्यांची स्थिती विचारली, तर ते टर्मिनल म्हणून तिला माहीतच नव्हते. नवे घर बांधले, पण ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत चढले नाही, तर पोस्टमन तरी काय करणार? तक्ता बदलणे हे मोठे काम होते. पण त्यात ३२७० साठी राखलेले आणखी काही पत्ते रिकामे असल्याचे आढळले. आम्ही आमच्या दोन ओळींना तेच पत्ते दिले.

चौथे दार, जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम. एमव्हीएसमध्ये टर्मिनले थेट कामाला लागत नाहीत. व्हीटॅम नावाचा प्रोग्रॅम त्यांची देखरेख करतो. त्याची स्वतःची यादी असते आणि त्या यादीतले टर्मिनल 'सक्रिय' केलेले असावे लागते. हे दार बंद असले तरी पडद्यावर तेच मुके चित्र दिसते. म्हणून तिसरे आणि चौथे दार नुसते टर्मिनलकडे पाहून वेगळे ओळखता येत नाही, ऑपरेटरच्या पडद्यावर दोन्हीकडे विचारावे लागते. यादीत नावे घालून ती सक्रिय केल्यावर लॉगऑनचा पडदा आला.

पाचवे दार, वापरणाऱ्याचे नाव. नवव्या मुलीने नाव टाइप केले. उत्तर आले: हे नाव वापरात आहे, प्रवेश नाकारला. आम्ही नावे आठच तयार केली होती आणि ती पहिल्या मुलाचे नाव वापरत होती. हा नकार मर्यादेसारखा दिसतो, पण मर्यादा नाही. आत जागा आहे. फक्त त्या नावाची व्यक्ती आधीच आत आहे.

सहावे दार, एकूण संख्या. नवी नावे तयार केल्यावर दहाही मुले आत गेली. मग आम्ही मुद्दाम एक प्रयोग केला. एका वेळी किती जणांना आत घ्यायचे याचा आकडा एमव्हीएसमध्ये ठरवता येतो. तो आम्ही ५ केला. आता पत्ता होता, जोडणी होती, नाव होते, परवलीचा शब्द बरोबर होता, तरी सहावा बाहेर. पाचांपैकी एकजण लॉगऑफ होऊन बाहेर पडला आणि सहाव्याला जागा झाली.

सहा दारे, आणि बाहेर उभ्या माणसाच्या तोंडी सगळ्यांना एकच नाव: 'कनेक्ट होत नाही'. दुरुस्ती करणाऱ्याने विचारायचा प्रश्न मात्र वेगळा: शेवटचे काय दिसले? काहीच नाही? नकाराची ओळ? मुके चित्र? लॉगऑनचा पडदा? नाव नाकारले? ज्या दारापर्यंत आपण पोचलो त्याच्या मागची सगळी दारे उघडी आहेत हे सिद्ध झालेले असते. शोध पुढच्याच दारापासून सुरू करायचा.

एक दार उघडले की लगेच पुढचे बंद दार भेटते हेही लक्षात ठेवावे. 'ओळी वाढवल्या, तरी चालत नाही, म्हणजे ओळी वाढवणे चुकीचे होते' असा निष्कर्ष काढून पहिली दुरुस्ती उलटवणे ही नेहमीची चूक आहे. आम्हीही ती केली होती. पडदा बदलला असेल तर आपण पुढे सरकलो आहोत.

मग मर्यादा ठेवतातच का?

सहावे दार आम्ही मुद्दाम बंद केले तेव्हा मुलांनी विचारले, "आकडा मोठाच ठेवला तर?" प्रश्न योग्य आहे. उत्तरासाठी थोडे गणित करू.

एमव्हीएस स्मृतीची वाटणी ४,०९६ बाइटच्या पानांत करते. समजा मुख्य स्मृतीत १,००० पाने मोकळी आहेत आणि प्रत्येक वापरणाऱ्याला हाताशी १०० पाने लागतात. दहा जण आरामात बसतात. अकरावा आला, की कोणाची तरी पाने उचलून चकतीवर ठेवावी लागतात. ज्याची उचलली त्याला ती लगेच हवी असतात, म्हणून दुसऱ्याची उचलावी लागतात. समजा स्मृतीतून पान वाचायला एक मायक्रोसेकंद लागतो आणि त्या काळच्या चकतीवरून आणायला ३० मिलिसेकंद. म्हणजे ३०,००० पट वेळ. जे काम एका सेकंदाचे, ते चकतीच्या वेगाने करायचे तर आठ तास वीस मिनिटे.

अकरावा आत आल्याने फक्त अकराव्याचे काम रखडत नाही. अकराही जणांचे रखडते आणि यंत्र सगळा वेळ पाने उचलण्या-ठेवण्यात घालवते. पाच माणसांच्या झोक्यावर बारा बसले तर झोका हळू जात नाही, तुटतो. म्हणून दारावरचा आकडा आत बसलेल्यांचे रक्षण करतो. मर्यादा असणे हा बिघाड नव्हे. मर्यादा चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या आकड्यावर असणे हा बिघाड. आमच्या प्रयोगात यंत्राची ताकद दहा जणांना पुरेशी होती. फक्त यादीत आठच ओळी होत्या. हा चुकीचा आकडा. तो वाढवणे योग्यच होते.

रिकामी पण अडवलेली खुर्ची

एक प्रयोग अजून केला. आत असलेल्या एका मुलाच्या संगणकाची तार लॉगऑफ न करता काढली. मुलगा बाहेर गेला असे आपल्याला वाटते. मेनफ्रेमला मात्र ते कळले नाही. त्याच्या दृष्टीने मुलगा विचार करत बसला होता. तार पुन्हा लावून त्याने तेच नाव टाइप केले, तर उत्तर आले: हे नाव वापरात आहे. तो स्वतःच स्वतःच्या आड आला होता!

अशा जागेला आम्ही 'भुताची खुर्ची' असे नाव दिले. वीज गेली, तार सुटली, कोणी लॉगऑफ न करता उठून गेले की अशा खुर्च्या साचत जातात. आत माणसे चार आणि दारावर 'जागा नाही' अशी पाटी. ऑपरेटरने आत कोणकोण आहे याची यादी काढून तसे सत्र रद्द केले, की जागा मोकळी होते. ऑपरेटर नसेल तर यंत्रच काही वेळ वाट पाहून, हालचाल नसलेले सत्र बंद करते. आपल्याला अर्ज भरताना 'सत्र संपले' ही सूचना तापदायक वाटते, पण तिचा उगम येथे आहे. दारात ताटकळणाऱ्यासाठी खुर्ची मोकळी करण्याची ती युक्ती आहे.

तिचा उपयोग किती होतो? डेन्मार्कचे गणिती आगनर क्रारूप एर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत. ठरावीक तारा असताना किती फोन 'लाइन व्यस्त' म्हणून परत जातील, याचे सूत्र त्यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केले. ते आपल्या टर्मिनलांनाही लागू पडते.

समजा आठ जागा आहेत. तासाला सरासरी २० माणसे, आपापल्या सोयीने केव्हाही येतात. प्रत्येकाची खुर्ची सरासरी १५ मिनिटे अडते. एकूण भार = २० × १५ ÷ ६० = ५. म्हणजे सरासरीने पाच खुर्च्या भरलेल्या. आठ खुर्च्या असताना कोणाला नकार मिळू नये असे वाटते. पण माणसे सारख्या अंतराने येत नाहीत, कधी घोळक्याने येतात. एर्लांगच्या सूत्राने हिशेब केला तर १०० पैकी ७ जणांना नकार मिळतो.

सूत्र वापरण्याची पद्धत सोपी आहे. नकाराचे प्रमाण 'न' मानू. शून्य जागा असताना न = १. मग एकेक जागा वाढवत जायचे: नवे न = (भार × जुने न) ÷ (जागा + भार × जुने न). भार ५ असताना एक जागा असेल तर ५ ÷ ६ = ०.८३, दोन असतील तर ०.६८, आणि असे करत आठव्या जागेला ०.०७ येते. नववी आणि अकरावीची मुले हे वहीत करू शकतात.

आता समजा, त्या १५ मिनिटांपैकी ३ मिनिटे भुताच्या खुर्चीची होती. लोकांनी काम झाल्याबरोबर लॉगऑफ केले. भार झाला २० × १२ ÷ ६० = ४. नकार १०० पैकी ३ वर आला. त्याऐवजी जुन्या सवयी तशाच ठेवून नववी जागा विकत घेतली असती तर? भार ५, जागा ९, नकार १०० पैकी सुमारे ४. म्हणजे प्रत्येकाने तीन मिनिटे वाचवणे हे एक नवे टर्मिनल घेण्यापेक्षा जास्त उपयोगी ठरले, तेही फुकट.

रेल्वेची खिडकी

आपल्या देशात हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर रेल्वेने हाताळला. पूर्वी आरक्षण जाड नोंदवह्यांत होई. एका गाडीची वही एका वेळी एकाच कारकुनाच्या हातात, म्हणून त्या गाडीसाठी त्याच खिडकीची रांग. १९८५ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले, पुढे मुंबईसह इतर महानगरांत ते पसरले. वही संगणकात गेली आणि कोणत्याही खिडकीवरच्या टर्मिनलवरून कोणत्याही गाडीचे तिकीट निघू लागले. १९९९ पर्यंत विभागीय केंद्रे एकमेकांना जोडली गेली.

२००२ मध्ये इंटरनेटवरून तिकीट मिळू लागले. याचा आपल्या विषयाशी असलेला संबंध असा की आता टर्मिनल रेल्वेच्या ताब्यात राहिले नाही. खिडक्या किती उघडायच्या हे रेल्वे ठरवू शके. घराघरांत किती संगणक चालू असावेत हे कसे ठरवणार? अनसिंगला रेल्वे नाही, जवळचे स्थानक वाशीम. पण मोबाइल हाती असलेला अनसिंगचा माणूसही आता मुंबईच्या माणसाबरोबर एकाच रांगेत उभा असतो.

२०१४ मध्ये रेल्वेने नवी व्यवस्था आणली. मिनिटाला सुमारे २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली. आणि २०१५ मध्ये दुसरा, बिनखर्चाचा उपाय केला. तत्काळ तिकिटांची वेळ विभागली: वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० आणि इतरांसाठी ११. पहिल्या उपायाने दार रुंद केले. दुसऱ्याने गर्दी पसरवली. दोन्ही लागतात.

पुन्हा त्या रात्रीकडे

आता आमच्या त्या रात्रीचा हिशेब करता येतो. शेवटच्या रात्री भार एकदम चौपट होतो असे धरा. आठ जागा आणि भार २०. एका वेळी आठच जण बसू शकतात, म्हणून २० मागे जास्तीत जास्त ८ जणांचे काम होईल. १०० पैकी निदान ६० जणांना नकार. शिवाय एर्लांगचा हिशेब असे धरतो की नकार मिळालेला माणूस निघून जातो. शेवटच्या रात्री कोणी निघून जात नाही. तो पुन्हा कळ दाबतो, दर मिनिटाला दाबतो, आणि भार आणखी वाढवतो. आम्ही एकेका मुलाचा अर्ज दोन-दोन संगणकांवर उघडला होता. आम्हीच भुताच्या खुर्च्या मांडत होतो.

दारेही तीच होती. 'संकेतस्थळ सापडत नाही' म्हणजे आपल्या बाजूची तार किंवा पत्ता शोधण्याची सेवा अडली. नुसते चक्र फिरत राहणे म्हणजे वाटेत किंवा पलीकडे कोणीतरी उत्तर देत नाही. '५०३, सेवा उपलब्ध नाही' म्हणजे पलीकडचे यंत्र जिवंत आहे, ते ओझ्याखाली आहे किंवा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले आहे. '४२९' म्हणजे आपण फार वेळा दार ठोठावतो आहोत, थांबा. 'सत्र संपले' म्हणजे आत होतो, पण खुर्ची काढून घेतली. 'आधीच लॉगिन आहे' म्हणजे आपलीच जुनी खुर्ची आड येते आहे. आम्ही या सगळ्यांना एकच औषध दिले: पुन्हा कळ दाबणे. ४२९ ला ते विषच आहे.

चूक कोणाची, या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या वडिलांना पुन्हा भेटून दिले. संकेतस्थळाची क्षमता शेवटच्या रात्रीच्या गर्दीला पुरेशी नव्हती, ही चालवणाऱ्यांची उणीव. कागदपत्रे आठवडाभर आधी तयार असताना अर्ज शेवटच्या रात्रीवर ठेवला, ही आमची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दुसरी आमच्या हातातली आहे.

आता शाळेत संगणकाशेजारी एक वही असते. अर्ज भरताना अडले की तीत तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजता, कोणत्या संगणकावर, शेवटचे काय दिसले. सूचना जशीच्या तशी उतरवायची, 'सर्व्हर डाऊन' लिहायला बंदी. पहिल्याच महिन्यात वहीतून दिसले की सकाळी साडेसहा ते आठ या वेळेत जवळजवळ नोंदच नाही. अर्ज आता त्या वेळेत भरले जातात, मुदतीच्या आधी, आणि प्रत्येक मुलगा उठण्यापूर्वी लॉगआउट करतो. न केल्यास पुढचा मुलगाच त्याला परत बोलावतो.

आपल्या शाळेतही हा प्रयोग करून पाहावा. मेनफ्रेमची नक्कल जमली तर उत्तमच. नाही जमली तर वर्गात आठ खुर्च्या मांडा, फाशाने मुलांच्या येण्याच्या वेळा ठरवा आणि किती मुले परत जातात ते फळ्यावर मांडत जा. मग आठपैकी दोन खुर्च्यांवर नुसती दप्तरे ठेवा आणि तोच खेळ पुन्हा खेळा. दप्तरांनी किती जणांना बाहेर ठेवले, ते मुले स्वतःच मोजतील.